आधी तिवई, मग दुर्बीण

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "अरे, तुझ्या भाच्याला पहिला बोनस मिळालाय आणि त्याला दुर्बीण घ्यायचीय. नुसतं बघायचं नाही, फोटो काढायचेत म्हणतो. एक पसंतही केलीय, केवढी मोठी आहे म्हणून सांगू! तू जरा नजर टाक ना." दोन मिनिटांत भाचेबुवांनी चित्र पाठवलं. पांढरीशुभ्र, आठ इंच व्यासाची, मीटरभर लांब नळी. आणि खाली काटक्यांसारखे तीन ॲल्युमिनियमचे पाय.

ते चित्र पाहून माझ्या पोटात कालवाकालव झाली. कारण हीच चूक, जवळजवळ याच मापाची, मी 2015 साली केली होती. फोनवर त्याला जे सांगितलं ते घाईत सांगितलं. म्हणून आज नीट लिहितोय. नातेवाईक मंडळींनी मधले आकडे गाळून वाचलं तरी चालेल. भाचेबुवा, तुला मात्र सवलत नाही.

माझं मत एका वाक्यात सांगतो. आकाशाचे फोटो काढायचे असतील तर पैसे आधी माउंटवर खर्च करा, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते त्या भागावर, आणि उरलेल्या पैशात मिळेल ती छोटी दुर्बीण घ्या. दहा रुपये असतील तर सहा माउंटचे.

आता हे मला कसं कळलं ते.

आमचे बाबा भूकरमापक होते. सगळी नोकरी सातारा-सांगलीकडच्या तालुक्यांत साखळी, प्लेन टेबल आणि थिओडोलाइट घेऊन लोकांच्या बांधावर उभं राहण्यात गेली. माझी दुर्बीण घरी आली तेव्हा ते 74 वर्षांचे होते. मी खोकी फोडून सगळं जोडलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने बाजूला उभा राहिलो. बाबांनी नळीकडे बघितलंसुद्धा नाही. दोन बोटांनी माउंटचं डोकं धरलं, हलकेच हलवलं आणि म्हणाले, "नळी छान आहे रे. पण तिवई हलतेय."

मी हसलो. म्हटलं, बाबा, याला मोटर आहे. तारा आपोआप पकडून ठेवते ती.

"असेल. पण यंत्र कितीही भारी असलं तरी आधी तिवईचे पाय रोवायचे, पातळी बघायची, ओळंबा बघायचा. मग डोळा लावायचा."

त्या डिसेंबरात त्यांना मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवायला गच्चीवर नेलं. चंद्र बघून खूश झालेले बाबा तेजोमेघावर मात्र अडखळले. "मध्ये काहीच दिसत नाही. डाग आहे नुसता." मी अर्धा तास फोकस करत बसलो. दोष फोकसचा नव्हताच. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, मॅक्युलर डिजनरेशन. या दुखण्यात नजरेचा मधला भाग हळूहळू जातो, कडेचं दिसत राहतं. उजवा डोळा बराच गेलेला होता, डावा सुरू झालेला.

तेव्हापासून फोटो हा माझ्यासाठी छंद राहिला नाही. आयपीसमधून जे दिसणार नव्हतं ते टीव्हीच्या पडद्यावर मोठं करून दाखवता आलं असतं. पण डावा डोळा शाबूत आहे तोवरच.

आणि मी दोन हिवाळे वाया घालवले. त्या दोन हिवाळ्यांत काढलेला एकही फोटो दाखवण्यासारखा नव्हता. कुठे ताऱ्याचा स्वल्पविराम, कुठे रेघ, कुठे एकाचे दोन. कॅमेरा बदलून पाहिला, रिमोट आणला, वेगवेगळी सॉफ्टवेअरं पाहिली. ज्या गोष्टीवर बाबांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलं होतं, ती सोडून सगळं केलं.

गणित अगदी साधं आहे. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटं आणि 4 सेकंदांत एक फेरी मारते, म्हणून आकाश दर सेकंदाला 15 विकला सरकतं. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. माझ्या नळीचं नाभीय अंतर 1000 मिलिमीटर होतं आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल 4.3 मायक्रॉनचा. 206 गुणिले पिक्सेल भागिले नाभीय अंतर, असं केलं की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती तुकडा मावतो ते कळतं. माझा आकडा आला 0.9 विकला. म्हणजे मोटर बंद असेल तर तारा एका सेकंदात सतरा पिक्सेल पळणार. मोटर चालू असताना माउंटने दोन मिनिटं, तीन मिनिटं एका विकलेच्या आत नेम धरायला हवा. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. हे काम काटक्यांच्या पायांकडून होणार नव्हतं.

वर माउंटच्या आत असतो वर्म गिअर. तो कितीही चांगला कापला तरी थोडा लचकत चालतोच. चाकाला 180 दात असतील तर वर्मचा एक फेरा साधारण 479 सेकंदांचा होतो, आणि प्रत्येक फेऱ्याला तारा थोडा पुढे, थोडा मागे असा झोका घेतो. माझ्या त्या माउंटचा झोका मी पुढे मोजला तेव्हा 50 विकलांच्या आसपास भरला. पन्नासहून जास्त पिक्सेल! त्यावर उपाय आहे गाइडिंग. शेजारी एक छोटी दुर्बीण आणि तिला छोटा कॅमेरा लावायचा. पीएचडी-2 सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एका ताऱ्यावर नजर ठेवतं आणि तो जरा सरकला की मोटरला सांगतं. पण गाइडिंग झोका सावरतं, ढिलेपणा सावरू शकत नाही. पाय थरथरत असतील, दात्यांमध्ये खेळ असेल, तर सॉफ्टवेअर भूत पकडायला धावल्यासारखं धावत राहतं.

पत्रकातल्या वजनाच्या आकड्याचंही सांगतो. माझ्या माउंटच्या पत्रकात तो सुमारे 10 किलो पेलतो असं होतं. नळी नऊ किलोची. त्यावर कॅमेरा, कड्या, गाइडिंगची छोटी दुर्बीण धरून अकरा. हा आकडा डोळ्याने बघण्यासाठीचा असतो. फोटोसाठी त्याच्या निम्मं, फार तर दोनतृतीयांश धरावं. शिवाय वजनाइतकीच लांबीही महत्त्वाची. मीटरभर लांब नळी वाऱ्यात शिडासारखी वागते. तेवढ्याच वजनाची आखूड नळी त्याच माउंटवर शहाण्यासारखी बसते.

हे सगळं जगभर खरं आहे. पण आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे आणि ती परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही.

फोटोसाठी जो माउंट लागतो त्याचा एक आस थेट ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. तसं केलं की एकाच आसाभोवती फिरून आकाशाचा पाठलाग करता येतो. (आयुकाची गिरवलीची दोन मीटर व्यासाची दुर्बीण अशी नाही, ती वर-खाली आणि डावी-उजवी अशा दोन आसांवर चालते. पण तिथे चित्राचं फिरणं सावरणारी यंत्रणा असते. आपल्याकडे ती नसते.) ध्रुव क्षितिजापासून किती वर, तर जितके आपले अक्षांश. पुण्याला साडेअठरा, नागपूरला एकवीस, गोव्यात साडेपंधरा. आणि बहुतेक माउंट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात चाळीस-पन्नास अक्षांशांवरची गिऱ्हाइकं.

याचे परिणाम तीन. पहिला, काउंटरवेटचा दांडा. चाळीस अक्षांशांवर तो तिरका बाहेर जातो. आपल्याकडे आस जवळजवळ आडवा झाल्याने दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि फिरताना उत्तरेकडच्या पायावर आपटतो. माझा रात्री दीड वाजता आपटला होता. मोटर कुरकुरत राहिली आणि मी गाडीत डुलक्या घेत होतो. उपाय असा की उत्तरेकडे पाय न आणता दोन पायांमधली फट आणायची. माउंट तसा बसत नसेल तर मध्ये एक उंचवटा देणारा नळकांडीसारखा तुकडा घालायचा. दुसरा परिणाम, झुकाव ठरवणारा बोल्ट. इतक्या कमी कोनावर सगळा भार त्याच्यावर येतो. माझा पहिल्याच वर्षी वाकला. तेव्हा भाचेबुवा, पत्रकात माउंट किती अंशांपासून किती अंशांपर्यंत चालतो ते आधी बघ. त्यात तुझे अक्षांश अगदी काठावर असतील तर दुसरा बघ.

तिसरा परिणाम, ध्रुवतारा आकाशात इतका खाली की धुरळा, झाडं, शेजारची इमारत यांतच हरवतो. आम्ही भोरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर जातो. तिथून उत्तरेला पुणं, म्हणजे ध्रुव नेमका पुण्याच्या उजेडात! आणि तो दिसला तरी ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे. तो बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. शिवाय इतक्या खाली वातावरणामुळे सगळंच साधारण तीन कला वर उचललेलं दिसतं. नेम एका अंशाने चुकला तर तारा मिनिटाला सोळा विकलांपर्यंत वाहत जातो. पाच कलांनी चुकला तर सव्वा-दीड विकला. म्हणून मी "ध्रुवतारा दिसला, चला" एवढ्यावर थांबत नाही. जुना उपाय म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या मध्यरेषेजवळचा एक तारा धरून तो उत्तरेला वाहतो की दक्षिणेला ते बघत बसायचं आणि स्क्रू फिरवायचे. नवा उपाय म्हणजे नीना नावाचं फुकट सॉफ्टवेअर. ते आकाशाच्या तीन फोटोंवरून नेम किती चुकलाय ते सांगतं आणि त्याला ध्रुवतारा दिसावाही लागत नाही. उत्तरेला दहा मजली टॉवर असलेल्या गच्चीवाल्यांसाठी हे मोठंच वरदान आहे.

आता मांडणीचा क्रम. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाय रात्रभर हळूहळू रुततात, म्हणून पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे. कातळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. पाय शक्य तितके आखूड ठेवायचे. मग पातळी. पातळी केसभर चुकली म्हणून फोटो बिघडत नाही, पण ती नीट असली की पुढे उजवा-डावा स्क्रू फिरवताना वर-खालीचा नेम ढळत नाही. मग उत्तर दिशा. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभरही फरक नाही, पण होकायंत्र माउंटच्या लोखंडापासून चार पावलं लांब धरायचं. मग दोन्ही आसांचा तोल, कॅमेरा आणि वायरींसकट. मग ध्रुवाचा नेम. मग गाइडिंग. आणि त्यानंतर माउंटच्या आसपास फेऱ्या मारायच्या नाहीत, चहा लांब जाऊन प्यायचा.

गच्चीवर कायमचा लोखंडी पिअर बसवायचा मोह होईल. जरूर बसव, कोपऱ्यावरचा वेल्डर जाड पाइपाचा उत्तम करून देतो. पण पिअर खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावर यायला हवा. नुसत्या स्लॅबवर ठेवलास तर लिफ्ट चालू झाली की गुरू नाचतो. आणि सोसायटीची परवानगी आधी घे, हे अनुभवाचे बोल. जून ते सप्टेंबर तसंही काही दिसत नाही, तेव्हा सगळं सुकं करून सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत आत ठेवायचं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? खरंच नको असेल तर करू नका. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर तीच आठ इंची नळी डोब्सोनियन नावाच्या साध्या लाकडी बैठकीवर घ्या, ना मोटर ना नेम, आणि आयुष्यभर सुखात राहा. नुसता फोटो हवा असेल तर 2023 साली आलेल्या सीस्टार एस-50 सारख्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणी आहेत. पन्नास मिलिमीटरची भिंग, दहा-दहा सेकंदांचे फोटो, ते स्वतःच एकावर एक रचून देतात. मी त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला नाही. 2015 साली अशी काही वस्तू मिळती तर मी डोळे मिटून घेतली असती. आता हार्मोनिक ड्राइव्हचे हलके माउंटही निघाले आहेत. त्यांना बऱ्याचदा काउंटरवेट लागतच नाही, म्हणजे आपल्याकडची दांड्याची कटकट गेली. मात्र गाइडिंगशिवाय ते चालत नाहीत.

आणखी एक. विकत घेण्याआधी माउंटला हात लावून बघ. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे. त्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमाला जा, कुणाची तरी दुर्बीण उचलून ठेवायला मदत कर. मग कळेल की जो माउंट आपल्याला एकट्याला तीन जिने चढवता येत नाही, तो कितीही चांगला असला तरी महिन्याभरात दिवाणाखाली जातो.

माझी गोष्ट अर्धी राहिली. 2018 साली मी ती नळी विकली. तेरा-चौदा किलो पेलणारा माउंट घेतला आणि त्यावर फक्त अडीच किलोची, 72 मिलिमीटरची छोटी दुर्बीण ठेवली. नाभीय अंतर 430, म्हणजे एका पिक्सेलला दोन विकला. चूक झाली तरी पोटात घालणारं माप. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक वेडं आहे.

2019 च्या जानेवारीत बाबाही भोरला आले. हट्टाने. अंधारात त्यांना काही दिसत नव्हतं, आणि उजेडातही आता फार दिसत नव्हतं. मी फरशीचे तुकडे ठेवले, त्यांनी प्रत्येक पाय हाताने दाबून पाहिला. एक परत काढायला लावला, खाली ढेकूळ होतं. मग तिवईच्या पायावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "आता लाव."

त्या रात्री दोन-दोन मिनिटांचे चाळीस फोटो काढले, आणि तेजोमेघाच्या मधल्या झगझगीत भागासाठी दहा-दहा सेकंदांचे वीस. घरी आल्यावर सगळे एकत्र केले आणि टीव्हीवर लावले. बाबा पडद्यापासून फूटभर अंतरावर खुर्ची घेऊन बसले, मान एका बाजूला वळवून. अंधूक गोष्टी बघताना नवशिक्यांना आम्ही हेच शिकवतो, की सरळ बघू नका, डोळ्याच्या कडेने बघा. त्यांच्याकडे आता तेवढीच नजर उरली होती.

"पंख दिसतायत," ते म्हणाले. "दोन्हीकडचे. मधलं तू सांग."

मी सांगितलं. मध्ये चार तारे आहेत, जवळजवळ, चौकोनात. त्यांच्याच उजेडाने हा सगळा ढग पेटलाय. इथून सुमारे तेराशे प्रकाशवर्षं.

"चारही दगड जागेवर आहेत ना? सरकले नाहीत?"

नाही म्हटलं, चारही गोल आहेत. हद्दीचे दगड मोजून झाल्यावर विचारायचे तसा प्रश्न होता तो.

दोन हिवाळे आधी हाच फोटो काढता आला असता, तर ते चार तारे त्यांना स्वतःला दिसले असते. डावा डोळा तेव्हा बरा होता. याचा हिशोब मी मनात पुष्कळदा केलाय आणि दर वेळी तो त्या काटक्यांच्या पायांपाशी येऊन थांबतो. बाबांनी मात्र याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही.

असो. बाबा आता 84 वर्षांचे आहेत. रविवारी ताईशी बोलून फोन ठेवला तेव्हा ते शेजारीच बसले होते. नातू दुर्बीण घेतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न काय असणार ते तुम्ही ओळखलं असेलच.

काल भाच्याचा निरोप आला. नळीची ऑर्डर त्याने रद्द केलीय. माउंट कोणता, ते दिवाळीत इकडे आल्यावर आजोबांसमोर ठरवायचं म्हणतोय. बाबांनी मला माळ्यावर चढून त्यांचा जुना ओळंबा शोधायला सांगितलंय. तो अजून सापडलेला नाही.